शिळा पाव, मूठभर मेवा आणि हिशेबाची वही

रात्री दहाच्या सुमारास कोणत्याही मोहल्ल्यातील बेकरीवर जाऊन पाहा. सकाळी हातोहात संपणाऱ्या पावाच्या लाद्या फळीवर उरलेल्या असतात. दुकानांतून परत आलेल्या स्लाइस ब्रेडच्या पिशव्या कोपऱ्यात पडलेल्या असतात. यातल्या काही पावाचा दुसऱ्या दिवशी टोस्ट होतो, काही कुणाच्या बकऱ्यांपुढे जातो आणि उरलेला कचऱ्यात. मैदा, यीस्ट, भट्टीचे जळण आणि कारागिराची रात्रीची मेहनत या सर्वांवर पाणी पडते. बेकरीचा मालक म्हणतो, "काय करणार? धंद्यात एवढे चालायचेच."

परंतु जगात असाही एक धंदा आहे, ज्याची सुरुवातच शिळ्या पावापासून होते. ताजा पाव त्यात चालतच नाही. अमेरिकेत त्याला 'स्टफिंग' म्हणतात. आपण त्याला पावाचे सारण म्हणू. वाळवलेल्या पावाचे तुकडे, कांदा, लोणी, मसाला आणि त्यात बेदाणे, अक्रोड, सफरचंद असा फळांचा व मेव्याचा साज, एवढेच ते काय. हे सारण कोंबडीत किंवा टर्की पक्ष्यात भरून भाजतात, नाहीतर वेगळ्या तबकात घालून भट्टीत शेकतात. घरगुती उद्योगाच्या शोधात असलेल्या आपल्या बंधू-भगिनींनी या सारणाची कहाणी आणि त्यामागचा हिशेब दोन्ही समजून घेण्यासारखे आहे.

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार

अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग' म्हणजे आभार मानण्याचा सण असतो. अध्यक्ष लिंकन यांनी १८६३ साली या दिवसाची राष्ट्रीय घोषणा केली आणि १९४१ मध्ये कायद्याने चौथा गुरुवार कायम ठरला. त्या दिवशी घरोघरी अख्खी टर्की भाजली जाते आणि तिच्यासोबत पावाचे सारण असतेच असते. पक्ष्याच्या पोटात भरले तर 'स्टफिंग' आणि बाहेर तबकात शेकले तर 'ड्रेसिंग', असा फरक अनेक जण करतात. परंतु ज्या घरात जे नाव चालत आले तेच तिथे टिकते.

प्रत्येक प्रांताचे सारण निराळे आहे. दक्षिणेकडे गव्हाच्या पावाऐवजी मक्याच्या पिठाचा पाव घेतात. ईशान्येकडील किनारी राज्यांत कालवे घालण्याची चाल आहे. पेनसिल्व्हानियात बटाटा घालतात, तर मिनेसोटात तिकडचा रानतांदूळ वापरतात. मेवाही जिथे जो पिकतो तो. जॉर्जियाकडे पेकान, कॅलिफोर्नियात अक्रोड आणि बदाम, विस्कॉन्सिन व मॅसॅच्युसेट्समध्ये क्रॅनबेरी नावाचे लाल आंबट फळ. आपल्याकडे पुरणाला कुठे गूळ तर कुठे साखर असते, तसाच हा प्रकार.

अमेरिकेत स्थायिक झालेली अनेक मुस्लिम कुटुंबेही या दिवशी एकत्र जेवतात आणि त्यांच्यासाठी हलाल टर्की तिथल्या दुकानांतून मिळते. मात्र सारणाच्या तयार पाकिटात पुष्कळदा कोंबडीच्या रश्श्याची पूड किंवा चरबी असते. त्यामुळे पाकिटावरील बारीक अक्षरे वाचल्याशिवाय ते घेता येत नाही. सारण घरीच करण्याचे हे एक मोठे कारण. दुसरे कारण असे की, पाकिटातल्या मालात मेवा नसतो किंवा नावापुरता असतो. ज्याला दाताखाली अक्रोड हवा, त्याने तो स्वतः घालावा.

बगदादच्या बाजारातली थाळी

पाव, फळ, मेवा आणि भाजणाऱ्या पक्ष्याचा रस यांची ही जोडी अमेरिकेने शोधली असे कुणी समजू नये. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल-वर्राक यांनी संकलित केलेल्या पाककृतींच्या ग्रंथात आणि पुढे १२२६ साली मुहम्मद बिन हसन अल-बगदादी यांनी लिहिलेल्या ग्रंथात 'जुझाबा' नावाचा पदार्थ आहे. तंदूरच्या तळाशी एक तबक ठेवायचे. त्यात पातळ रोट्यांचे थर आणि त्यांच्यामध्ये साखर, बदाम, पिस्ते किंवा जर्दाळू, केळी यांसारखी फळे. वर तंदुरात चरबीदार कोंबडी किंवा मांस टांगायचे. भाजताना जो रस आणि चरबी गळेल ती खालच्या रोटीत मुरायची. अमेरिकन गृहिणी ज्याला 'ड्रेसिंग' म्हणते, त्याचाच हा हजार वर्षांपूर्वीचा गोड अवतार म्हणावा लागेल.

आणि हा पदार्थ केवळ खलिफांच्या दस्तरखानापुरता नव्हता. बदीउज्जमान अल-हमदानी यांच्या दहाव्या शतकातील 'मकामात' या प्रसिद्ध कथामालेत बगदादच्या बाजारातला मांस भाजून विकणारा दुकानदार येतो आणि त्याच्याकडे रश्शाने निथळणारा जुझाबाही असतो. म्हणजे भाजलेले मांस आणि त्यासोबत पावाचा पदार्थ हा जोडविक्रीचा धंदा त्या काळातही होता. एकाच आगीवर दोन माल तयार होत आणि एकाच गिऱ्हाइकाला दोन्ही विकले जात.

आपल्या घरातही ही रीत अगदी परकी नाही. हैदराबादचा 'डबल का मीठा' आणि लखनवी शाही टुकडा हे पाव आणि मेव्याचेच पदार्थ. मुर्ग मुसल्लममध्ये अंडी आणि मेवा भरण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. तुर्कस्तानात पक्ष्यात भरायच्या भातात बारीक मनुका आणि चिलगोजे घालतात. गोव्यात आणि मुंबई-वसईकडील ख्रिस्ती बांधवांच्या घरी नाताळात कोंबडी भाजताना आत पाव, बटाटा, मसाला, मनुका भरतात. तेव्हा हा माल आपल्याकडे कुणाला कळणारच नाही, असे म्हणता येणार नाही.

एक खाटीक आणि दोन स्त्रिया

आता धंद्याकडे वळू. या सारणाचा आधुनिक व्यापार ज्यांनी उभा केला, त्यांच्यापैकी तिघांची माहिती मुद्दाम देत आहोत, कारण तिघांनीही सुरुवात आपल्या हाताशी असलेल्या गोष्टींपासून केली.

पहिला इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या एकल्स गावचा खाटीक, जॉन क्रँप्टन. रविवारच्या जेवणासाठी गिऱ्हाईक मांस नेते, तर त्याच्याबरोबर आणखी काय विकता येईल, असा विचार त्याने केला आणि १९०१ साली सेज पाला व कांदा घातलेले कोरडे सारण तयार केले. 'पॅक्सो' नावाने ते पुढे ब्रिटनभर पसरले. आपल्या समाजात मांसविक्रीचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या करणारी हजारो कुटुंबे आहेत. मांस विकणाऱ्याच्याच दुकानातून मसाला आणि सारण विकले जाऊ शकते, हा विचार त्यांनी अवश्य करावा.

दुसरी अमेरिकेतील मार्गारेट रडकिन. कनेक्टिकट राज्यातील ही गृहिणी. मुलाच्या आजारपणामुळे तिने घरच्या स्वयंपाकघरात सबंध गव्हाचा पाव भाजायला सुरुवात केली आणि १९३७ मध्ये तो जवळच्या दुकानदाराला विकायला नेला. बाजारात पाव १० सेंटला मिळत असताना तिने आपल्या पावाची किंमत २५ सेंट ठेवली, आणि तो खपला. 'पेपरिज फार्म' ही तिची कंपनी १९६१ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीने विकत घेतली. या कंपनीचे मसालेदार पावाचे कोरडे सारण आजही अमेरिकेतील घराघरांत ओळखीचे आहे.

तिसरी रूथ सिम्स. जनरल फूड्स कंपनीत नोकरी करणारी गृहविज्ञानाची पदवीधर. पाच-सात मिनिटांत चुलीवर तयार होणारे सारण तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तयार केले. 'स्टोव्ह टॉप' नावाने ते १९७२ मध्ये बाजारात आले आणि १९७५ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. पेटंटवर पहिले नाव तिचे आहे. तिच्या शोधाचे मर्म मसाल्यात नव्हते, पावाच्या तुकड्याच्या आकारात होते. तुकडा फार बारीक असला तर पाणी घालताच लगदा होतो, फार मोठा असला तर आतून कोरडा राहतो. नेमका आकार सापडला आणि धंदा उभा राहिला. २००५ मध्ये तिचे निधन झाले, तेव्हा एकट्या थँक्सगिव्हिंगच्या हंगामात या मालाचे सुमारे ६ कोटी डबे खपत होते.

खाटकाने गिऱ्हाइकाची गरज पाहिली, गृहिणीने दर्जा पाहिला आणि तिसरीने माप पाहिले. या तिन्हींपैकी आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते मापाकडे.

चाळीस पाकिटे आणि दहा किलो पाव

आमच्या परिचयातील एका भगिनीची गोष्ट येथे सांगणे उपयोगी ठरेल. पती बेकरीत कारागीर, घरात तीन मुले, उत्पन्न बेताचे. नाताळच्या आधी एका केटररने तिच्या पतीकडे विचारणा केली. भाजलेल्या कोंबडीत भरायला मेवा घातलेले पावाचे कोरडे सारण हवे, पाव किलो वाळलेल्या पावाचे एक पाकीट, अशी ४० पाकिटे. भाभीने होकार दिला. हिशेब सोपा वाटला. चाळीस पाव म्हणजे दहा किलो. बेकरीतून दहा किलो उरलेला पाव स्वस्तात आणला. घरखर्चातले आणि थोडे उसने पैसे घालून बेदाणे आणि अक्रोड घेतले.

पाव वाळवला आणि तराजूवर ठेवला, तर भरला जेमतेम पावणेसात किलो. पाकिटे झाली २६. आता चौदा पाकिटांचा पाव आणायचा कुठून? बेकरीत त्या दिवशी शिळा माल उरला नव्हता. ताजा पाव विकत घेतला, रातोरात घाईने शेकला आणि गरम असतानाच पिशवीत भरला. शिवाय सर्व पाकिटांत मेवा आणि पाव एकत्रच घातला होता. दिसायला पाकिटे फार सुंदर दिसत होती.

दहा दिवसांनी केटररने पाकिटे उघडली. घाईत भरलेल्या पिशव्यांत आतून बाष्प धरले होते आणि पावावर हिरवी बुरशी होती. उरलेल्या पाकिटांत बुरशी नव्हती, पण पाव मऊ पडला होता आणि बेदाणे खड्यासारखे कडक झाले होते. सगळा माल परत आला. पावाचे नुकसान थोडेच होते. पैसे बुडाले ते मेव्याचे.

भाभीने मेवा जिथून घेतला होता त्या वयस्कर व्यापाऱ्याकडे जाऊन तक्रार केली, "चाचा, तुमचे बेदाणे दगड निघाले." त्यांनी पाकीट हातात घेतले, बोटाने पाव दाबून पाहिला आणि म्हणाले, "बेटी, बेदाणा दगड नव्हता. त्यातले पाणी तुझ्या पावाने पिऊन टाकले. दोघांना एका पिशवीत कोंडलेस, दोघेही गेले. पुढच्या वेळी मेव्याची पुडी निराळी बांध."

चाचांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. बेदाण्यात साधारण १५ टक्के ओलावा असतो आणि नीट वाळलेल्या पावात जेमतेम ५ टक्के. दोन्ही एकत्र ठेवले की ओलावा बेदाण्यातून पावाकडे जाऊ लागतो. पाव नरम होतो, बेदाणा कडक होतो. यात कुणाची लबाडी नसते, तो निसर्गाचा नियमच आहे.

वजनाचा नियम

पहिली चूक वजनाची. ताज्या पावात सुमारे ३५ ते ३८ टक्के पाणी असते. म्हणून एक किलो पाव नीट वाळवला की साधारण ६५० ते ७०० ग्रॅम उरतो. दहा किलो वाळलेला पाव हवा असेल, तर पंधरा किलो पाव आणावा लागेल. काही तुकडे करपतात, काहींचा चुरा होतो, म्हणून आणखी किलोभर जादा धरावा.

चाळीस पाकिटांचा हिशेब असा मांडावा. प्रत्येक पाकिटात २५० ग्रॅम वाळलेला पाव, ६० ग्रॅम बेदाणे, ६० ग्रॅम अक्रोडाचा मगज आणि १० ग्रॅम मसाला, म्हणजे एकूण ३८० ग्रॅम. चाळीस पाकिटांना बेदाणे २ किलो ४०० ग्रॅम, मगजही तेवढाच आणि मसाला ४०० ग्रॅम. अक्रोड कवचासह घेतला तर त्यातून निम्म्याहून कमी मगज निघतो. म्हणजे २ किलो ४०० ग्रॅम मगजासाठी साडेपाच ते सहा किलो अक्रोड लागतील. कवचाचा अक्रोड स्वस्त दिसतो, पण तो खरोखर स्वस्त पडतो का, हे मगज काढून तोलल्यावरच कळते.

या आकड्यांसमोर आपल्या बाजारातील त्या दिवसाचे भाव लिहावेत. मग पिशव्या, लेबल, गॅस, येण्याजाण्याचे भाडे आणि स्वतःची मजुरी वेगवेगळ्या ओळींत लिहावी. आपल्या भगिनी स्वतःच्या मजुरीची ओळ कोरीच ठेवतात. ही मोठी चूक आहे. जो धंदा करणाऱ्याची मजुरी देत नाही, तो धंदा नव्हे, फुकटची राबणूक होय. हिशेब पूर्ण झाला की एक गोष्ट लक्षात येईल. वजनात पाव सर्वांत जास्त असला, तरी खर्चात मेवाच वरचढ असतो. म्हणून मेवा ऑर्डर पक्की झाल्यावर आणि निम्मी रक्कम आगाऊ हातात आल्यावरच विकत घ्यावा.

पाव वाळवण्याची रीत

शिळा पाव आणि वाळलेला पाव एक नव्हेत, हे आधी समजून घ्यावे. पाव शिळा होतो तेव्हा त्यातले पाणी उडून गेलेले असतेच असे नाही. आतील पिठूळ भाग घट्ट होतो म्हणून तो कडक लागतो. पाणी पुष्कळसे आतच असते. म्हणून शिळा पाव कापून तसाच पिशवीत भरला तर बुरशी येणारच. त्याला भट्टी दाखवावीच लागते.

एक-दोन दिवसांचा स्लाइस ब्रेड किंवा कडक पाव घ्यावा. लादी पाव चालतो, पण तो फार मऊ असल्याने त्याचा लगदा लवकर होतो. ज्यावर बुरशीचा एकही ठिपका आहे, असा पाव संपूर्ण टाकून द्यावा. ठिपका काढून उरलेला पाव वापरणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ आहे. शिळे स्वस्त घ्यावे, सडलेले फुकटही घेऊ नये.

पावाचे साधारण सव्वा सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करावेत आणि सगळे सारखे असावेत. ते तबकात एकाच थरात पसरून १२० ते १३० अंश सेल्सियसवर पाऊण ते एक तास ठेवावेत. मध्ये दोन-तीनदा हलवावेत. रंग फारसा बदलू नये. बेकरीवाल्याशी बोलणे असेल, तर दिवसाचा माल निघाल्यावर निवत असलेल्या भट्टीतही हे काम होते आणि वेगळे जळण लागत नाही. तुकडा बोटात धरून मोडला की काडकन मोडला पाहिजे. आतून दबला तर आणखी वेळ द्यावा. नंतर पूर्ण गार होऊ द्यावे. गरम माल पिशवीत भरणे हीच बुरशीची सुरुवात असते. पावसाळ्याच्या दमट हवेत हे काम शक्यतो करू नये.

मेव्याची पारख

बेदाणा घेण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. सांगली-तासगावचा बेदाणा देशभर जातो आणि 'सांगली बेदाणा' या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. दाणा भरलेला, काडी-कचरा नसलेला आणि एकमेकांना न चिकटलेला असावा. धुतलेला बेदाणा साठवू नये. निवडून, पुसून भरावा.

अक्रोडाचा मगज फिका आणि गोडसर असावा. काळपट, खवट किंवा कडू मगज घेऊ नये. अक्रोडातील तेल लवकर खवट होते, म्हणून तो थंड जागी ठेवावा आणि थोडा थोडाच आणावा. बुरशी लागलेल्या मेव्यात विषारी द्रव्ये तयार होतात आणि भाजल्याने ती पूर्णपणे जात नाहीत. अक्रोड परवडत नसेल तर वेंगुर्ल्याकडील काजूचे तुकडे वापरावेत. अख्ख्या काजूपेक्षा तुकडा स्वस्त असतो आणि सारणात तुकडाच हवा असतो. जर्दाळू घातला तर केशरी रंगाच्या जर्दाळूवर गंधकाची प्रक्रिया झालेली असते, हे लक्षात ठेवून लेबलवर तसे लिहावे.

मसाल्यात मीठ, काळी मिरी, थोडे जायफळ आणि सुका थाईम व सेज पाला घालतात. सेज मिळाला नाही तर थाईमवर काम भागते. पाव, मेवा आणि मसाला यांच्या तीन स्वतंत्र पुड्या करून त्या एका पाकिटात घालाव्यात.

घरी शिजवायची कृती

पाकिटासोबत कृतीचा कागद द्यावा, म्हणजे गिऱ्हाईक फसणार नाही. एका पाकिटासाठी ७५ ग्रॅम लोण्यात दोन मध्यम कांदे आणि थोडी सेलरी, ती नसेल तर कांद्याची पात, मऊ होईपर्यंत परतावी. त्यात मसाला आणि एका सफरचंदाच्या फोडी घालाव्यात. अक्रोड कोरड्या तव्यावर मंद आचेवर हलका भाजून तोडून घ्यावा. बेदाणे दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवून निथळावेत. मोठ्या भांड्यात पाव, परतलेला कांदा आणि मेवा एकत्र करून ४०० ते ४५० मिलिलिटर गरम रस्सा थोडा थोडा घालावा. रस्सा कोंबडीचा किंवा भाज्यांचा, कोणताही चालतो. शेवटी एक फेटलेले अंडे मिसळावे. तुकडे ओले व्हावेत, पण त्यांचा आकार टिकला पाहिजे.

तबकाला लोणी लावून हे मिश्रण घालावे. १८० अंशांवर अर्धा तास झाकून आणि पुढे पंधरा मिनिटे उघडे शेकावे, म्हणजे वर खरपूस पापुद्रा येतो. भट्टी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात, खाली तवा ठेवून मंद आचेवरही होते. साधारण सहा माणसांना पुरते.

कोंबडीच्या पोटात भरायचे असेल तर सैल भरावे, कारण सारण फुगते. भरल्यावर लगेच भाजायला घ्यावे. आदल्या रात्री भरून ठेवू नये. भाजून झाल्यावर सारणाच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सियस तापमान झालेच पाहिजे. कच्च्या कोंबडीचा रस आतल्या पावात मुरलेला असतो आणि बाहेरचे मांस शिजले तरी आतले सारण कच्चे राहू शकते. उरलेले सारण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. ज्यांना ही दक्षता जमत नाही, त्यांनी बगदादवाल्यांप्रमाणे वेगळे तबकच वापरावे.

विकायचे कुणाला?

आपल्याकडे हा माल बारमाही खपणारा नाही, हे स्वच्छ सांगितलेले बरे. डिसेंबर हा त्याचा खरा हंगाम. मुंबई, वसई, पुणे, गोवा येथील नाताळच्या मेजवान्यांना पदार्थ पुरवणारे केटरर, भाजलेली कोंबडी विकणारी दुकाने आणि लहान हॉटेले हे त्याचे गिऱ्हाईक. पाकिटात मांसाचा अंश न ठेवता रस्सा ज्याचा त्याला घालू दिला, तर एकच माल मुस्लिम, ख्रिस्ती, हिंदू अशा सर्वांना चालतो. अख्खी कोंबडी मसाला लावून विकणाऱ्या मांसविक्रेत्याने तिच्याबरोबर एक पाकीट ठेवून पाहावे. एकल्सच्या खाटकाने नेमके हेच केले होते.

अन्नपदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावीच लागते. लहान उद्योगासाठी ती सोपी आहे, टाळू नये. लेबलवर घटक, वजन, तयार केल्याची तारीख आणि किती दिवसांत वापरावे ते लिहावे. गहू आणि अक्रोड-काजू यांचा उल्लेख ठळकपणे करावा. काहींना मेव्याची अ‍ॅलर्जी असते आणि एका दाण्यानेही जीव धोक्यात येऊ शकतो.

भाभींनी पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी पाकिटे पंधराच घेतली. पाव आधी वाळवला, गार केला, तोलला आणि मगच केटररला आकडा कळवला. मेव्याची पुडी निराळी बांधली. माल परत आला नाही. नफा फार मोठा नव्हता, पण उसने घेतलेले पैसे फिटले आणि त्यांच्या वहीत पहिल्यांदाच स्वतःच्या मजुरीची ओळ भरली गेली. आता बेकरीतून पाव आणताना त्यांचे पती विचारतात, "किती आणू?" आणि भाभी वही पाहून सांगतात, "ओला की वाळलेला, ते आधी सांगा."